डेबियन १३ आणि बत्तीस बिटचं तेरावं

पानशेतवाला (धागाकर्ता)

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय.

गेली तीन वर्षं दिवाळीनंतर मी आणि दोन मित्र पुण्यातली टाकून दिलेली नेटबुकं गोळा करतो, साफ करतो आणि पानशेतच्या पुढच्या एका शाळेत लावून येतो. आत्ता आमच्या गॅलरीत अकरा पडली आहेत. बहुतेकांत इंटेलचा ॲटम एन२७० प्रोसेसर, एक जीबी रॅम, दोघांच्या स्पेसबारखाली मुंग्यांनी घर केलेलं. पोरांना टक्स पेंट, जीकॉम्प्री आणि थोडं टायपिंग एवढंच लागतं. शाळेत इंटरनेट नाहीच.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन या लिनक्सची १३ वी आवृत्ती आली आणि त्यात ३२ बिट इंटेलसाठी ना इन्स्टॉलर, ना कर्नल (सिस्टिमचा गाभा). आय३८६ ची, म्हणजे ३२ बिटची, पॅकेजं उरली आहेत ती ६४ बिट मशीनवर एखादा जुना प्रोग्रॅम चालवण्यापुरती. त्याच वर्षी फायरफॉक्सनंही ३२ बिट लिनक्ससाठी नव्या आवृत्त्या काढणं थांबवलं.

आता बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा हीच मुक्त सॉफ्टवेअरवाली मंडळी गल्लोगल्ली सांगत होती, की चांगलं चालतं मशीन भंगारात काढू नका, लिनक्स टाका. लोका सांगे ब्रह्मज्ञान! चालणाऱ्या मशीनचा सपोर्ट काढायचा असेल तर तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? कोड तर लिहून झालेला आहे. तो तसाच ठेवायला काय पैसे पडतात?

---

कर्नलकाका

पैसे पडतात. तेच सांगतो, पण आधी एक घोळ निस्तरू. कर्नलमधून ३२ बिट इंटेल गेलेलं नाही. डेबियननं तयार कर्नल आणि इन्स्टॉलर देणं थांबवलं, कारण तो बांधून, तपासून, सुरक्षेच्या दुरुस्त्या लावून देणारी माणसं उरली नाहीत. तुम्ही स्वतः कंपाइल केलंत तर आजही बूट होईल.

आता 'लिहून झालेला कोड'. तुमच्याच नेटबुकचं घ्या. ३२ बिटमध्ये पत्ते एकूण ४ जीबीचे. त्यातले नेहमीच्या वाटणीत ३ प्रोग्रॅमला आणि १ कर्नलला. त्या एकातून कर्नल थेट हात घालू शकतो अशी रॅम साधारण ८९६ एमबी. तुमची रॅम १०२४. वरच्या सव्वाशे एमबीसाठी हायमेम नावाची वेगळी यंत्रणा लागते, पान तात्पुरतं जोडा, वापरा, सोडा. मेमरीच्या कोडला हात लावणाऱ्या प्रत्येकाला ही यंत्रणा डोक्यात ठेवावी लागते, मग त्याचं स्वतःचं मशीन २५६ जीबीचं का असेना. एका शाळेच्या सव्वाशे एमबीसाठी.

आणि हे आजचं नाही. लिनक्स १९९१ मध्ये जन्मलं तेच इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर. तरी ३८६ चा सपोर्ट डिसेंबर २०१२ मध्ये काढला, कर्नल ३.८ पासून तो नाही. लिनक्स लिहिणाऱ्या टोरवाल्ड्सनं स्वतःच्या पहिल्या मशीनसाठी अश्रू ढाळले नाहीत. इंटेलचंच इटानियम कर्नल ६.७ मध्ये गेलं, जानेवारी २०२४. एप्रिल २०२५ मध्ये कर्नल डेव्हलपर इंगो मोलनारनं ४८६ चा सपोर्ट काढायचे पॅच (कोडमधले बदल) पाठवले. त्या प्रोसेसरांत टाइम स्टँप काउंटर नाही, आठ बाइट एका दमात तपासून बदलायची सूचना नाही, एसएक्समध्ये तर अपूर्णांकांचं गणित करणारं युनिटच नाही. त्या सगळ्याची नक्कल करणारा कोड कर्नल वागवत बसला होता.

ज्याच्यावर कुणी चाचणी घेत नाही तो कोड चालतो की नाही हे कुणालाच माहीत नसतं. त्याला सपोर्ट म्हणायचं असेल तर म्हणा.

---

सौ. सेगफॉल्ट

काका, मुद्दा मान्य, पण जुन्याचं रडगाणं बाजूला ठेवा. नव्याचं काय?

गेल्या वर्षी मुलीसाठी लॅपटॉप घेतला. कंपनीचं नाव घेत नाही. लिनक्स टाकलं, सगळं सुरळीत, वायफाय मात्र राउटर मांडीवर घेतला तरच. हॉलमधून बेडरूममध्ये गेलं की कनेक्शन गुल. आठ दिवस मी राउटर बदलला, चॅनल बदलला, नवऱ्याला शिव्या घातल्या (त्याचा काही संबंध नव्हता). शेवटी मागचं झाकण उघडलं. कार्डावर अँटेनाच्या तारेसाठी दोन जागा आणि तार एकच! बनवणाऱ्यानं चार पैसे वाचवलेले. ती एक तार एका जागेवर आणि ड्रायव्हर कान लावून बसलेला दुसऱ्या जागेवर. ड्रायव्हरला अँटेना निवडायचा एक पर्याय होता, तिथे एकाचे दोन केले आणि सिग्नल थेट गच्चीपर्यंत.

हे मला सापडलं कारण माझा धंदाच हा आहे. कोथरूडमधल्या एखाद्या निवृत्त काकूंना सापडेल?

त्याआधीच्या मशीनचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हताच. तो कुणीतरी वेगळा ठेवलेला, डीकेएमएसनं, म्हणजे दर नव्या कर्नलसाठी आपल्याच मशीनवर, बांधायचा. दर दोन-तीन महिन्यांनी कर्नल अपडेट झाला की बांधणी फुटायची, कारण कर्नलच्या आतल्या कुठल्यातरी फंक्शनचा एक आर्ग्युमेंट वाढलेला असायचा. विंडोजवर दहा वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर आजही बसतो हो! आतला इंटरफेस स्थिर ठेवला तर काय बिघडतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

---

कर्नलकाका

कर्नल डेव्हलपर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्यावर एक अख्खा लेख कर्नलच्या दस्तऐवजांतच ठेवलाय. त्यांच्या लेखी तुमची मागणी शुद्ध 'नॉनसेन्स' आहे. माझ्या शब्दांत सांगायचं तर ड्रायव्हर घरात, म्हणजे कर्नलमध्येच, असला की ज्यानं फंक्शन बदललं त्यानंच तो वापरणाऱ्या सगळ्या जागा दुरुस्त करायच्या, असा रिवाज आहे. बाहेर राहणाऱ्याची दुरुस्ती कोण करणार?

---

सौ. सेगफॉल्ट

म्हणजे सुनेनं वेगळं बिऱ्हाड केलं की तिच्याकडचा नळ गळला तरी बघायचं नाही. कळलं.

---

हिंजवडीचा हमाल

बरीच वर्षं इथे वाचतोच आहे, आज राहवलं नाही. तिसऱ्या फेजमध्ये बसून ड्रायव्हर लिहितो, पोटासाठी. कंपनी विचारू नका.

ताई म्हणतात तो वेगळं बिऱ्हाड केलेला ड्रायव्हर कसा जन्माला येतो ते सांगतो. चिपवाला आम्हाला डेटाशीट (चिपची तांत्रिक माहिती) देतो ते एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर. माझ्या प्रतीच्या प्रत्येक पानावर फिकट अक्षरात माझंच नाव छापलेलं आहे. सोबत त्याचा स्वतःचा कर्नल येतो, मूळ कर्नलच्या चार वर्षं मागे, वर त्याचे हजारो बदल. आम्ही त्यावर आणखी थर चढवतो. बोर्ड चालला, गिऱ्हाईक खूश, टीम पुढच्या प्रॉडक्टवर. मूळ कर्नलमध्ये द्यायचं म्हटलं तर ते बदल सोडवून, नीट तुकडे करून, परत लिहून द्यावे लागतात. ते काम कुठल्याच प्रोजेक्टच्या तासांत बसत नाही. मी एकदा विचारलं होतं. मॅनेजर म्हणाले, कल्पना छान आहे, अप्रेझलमध्ये लिही.

तर पानशेतवाले, तुमचं २००८ सालचं नेटबुक आजही चर्चेत तरी आहे. मी ज्या बोर्डांवर काम केलं त्यातली कित्येक तीन वर्षांत संपली, आणि त्यांच्यावर पुढचा कर्नल कधीच बूट होणार नाही. तेरावं घालायचंच तर त्यांचं घाला, त्यांना खांदा द्यायलाही कुणी नव्हतं.

---

पेठी पंडित

एवढी चर्चा झाली आणि मूळ रोगाचं नाव एकानंही घेतलं नाही: बंद फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा, सोर्स न दिलेला कोड. डेबियननं २०२२ साली मतदान घेऊन ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि २०२३ च्या १२ व्या आवृत्तीत घेतलंही. घसरण तिथेच सुरू झाली. ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियानं मे २०२२ मध्ये कर्नल मोड्यूलचा सोर्स खुला केला तेव्हा इथल्याच काही मंडळींनी पेढे वाटले. पण बरीचशी अक्कल तोवर कार्डावरच्या जीएसपी या प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये सरकली होती आणि ते बंदच आहे. पुढचं दार उघडायचं आणि तिजोरी माळ्यावर हलवायची!

ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त सिस्टिमकडे बघा. त्यांनी असली तडजोड कधी केली नाही. ज्यांना तत्त्व नाही त्यांनी वायफायच्या तारा शोधत बसावं.

---

सौ. सेगफॉल्ट

मी बसले. सापडली. तुम्ही तत्त्वावरून इंटरनेट कसं चालवता ते तेवढं सांगा.

---

कर्नलकाका

पंडित, ओपनबीएसडीबद्दल अर्धवट बोलताय. त्यांचा विरोध आहे तो कर्नलच्या आत, त्यांच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या बंद ड्रायव्हरला, आणि एनडीएवर मिळणाऱ्या कागदपत्रांना. कार्डाच्या आत चालणारं फर्मवेअर मोकळेपणानं वाटता येत असेल तर ते चालवतात. ते उतरवून घ्यायला एफडब्ल्यू अपडेट नावाची त्यांची स्वतःची आज्ञाच आहे. त्यांचं म्हणणं असं, की हेच फर्मवेअर पूर्वी कार्डावरच्या रॉममध्ये कोरलेलं असायचं तेव्हा कुणाला बोचत नव्हतं. आता पैसे वाचवायला ती रॉम काढली आणि फाइल डिस्कवर दिसायला लागली, म्हणून ते एकदम पाप ठरत नाही.

असहमत असाल तर असा, पण दाखला तरी बरोबर द्या.

---

थर्ड_इयर

काका, प्रश्न आहे, हसू नका. मला कर्नलमध्ये पॅच द्यायचा होता. पहिला स्पेलिंगचा पाठवला, तो ब्राउझरमधल्या मेलनं पाठवल्यामुळे टॅबचे स्पेस झाले आणि लागलाच नाही. मग पॅच मेलनं पाठवायची गिट सेंड-ईमेल ही आज्ञा शिकलो. दुसरा खरा होता. तपकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त आर्डुइनो बोर्डांवर सीएच३४० नावाची यूएसबी-सीरियल चिप असते, तिच्या ड्रायव्हरमध्ये एरर आल्यावर एक गोष्ट सोडायची राहते असं मला वाचताना वाटलं. मेंटेनरचं (तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्याचं) एका ओळीचं उत्तर आलं: हे कोणत्या हार्डवेअरवर चालवून पाहिलंत?

कशावरच नाही. होस्टेलवर माझ्याकडे तो बोर्डही नव्हता. लाज वाटली. मग तपकीर गल्लीत जाऊन तीन वेगवेगळ्या दुकानांतून तीन बोर्ड आणले. तिन्हींवरच्या चिपा दिसायला सारख्या, पण एकीवरचा छापा घासून काढलेला, आणि नेमकी तीच वेगळी वागते. आता ती खरी चिप आहे की नक्कल, आणि नकलेसाठी कर्नलनं कोड ठेवावा का?

---

कर्नलकाका

हसत नाही. लोकांच्या हातात नक्कल असेल तर तीही सांभाळावी लागते, जगभरचे ड्रायव्हर अशा अपवादांनी भरलेले आहेत. तीनही बोर्डांचे डीमेसेज लॉग (कर्नलच्या संदेशांची नोंद) जोडून पॅच परत पाठव. आणि मेंटेनरचा राग धरू नकोस. त्याच्याकडेही तिसरी चिप नसणार. तुझ्याकडे आहे.

---

पानशेतवाला

दोन दिवस इथे फिरकलो नाही, कारण काकांचं वाचून अकराच्या अकरा नेटबुकं जेवणाच्या टेबलावर मांडली (घरी काय ऐकावं लागलं ते अवांतर). प्रत्येकावर लाइव्ह पेनड्राइव्ह लावून सीपीयू-इन्फो उघडलं आणि 'एलएम' हा ध्वज शोधला. तो असला तर प्रोसेसर ६४ बिटचा. चार निघाली! चारांतही एन२७० असेल असं मी गृहीत धरलं होतं, कारण चौघांचा डबा सारखाच. आत एन४५० आहे. त्यांच्यावर डेबियन १३ आणि एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप बसला. टक्स पेंट उघडायला बावीस सेकंद घेतं, पण पोरांना घाई नसते.

उरलेल्या सातांवर डेबियन १२ च ठेवतोय. नेटवरच येणार नसतील तर सुरक्षेचा बाऊ करण्यात अर्थ नाही. नेटबीएसडीही (ही लिनक्सपेक्षा वेगळी सिस्टिम) एकावर लावून पाहिलं, बूट झकास झालं, पण माझ्या मित्रांना ते सांभाळता येणार नाही.

मत बदललेलं नाही. ज्या प्रकल्पाला बँकांचे सर्व्हर चालवायला माणसं मिळतात त्याला सात नेटबुकांसाठी मिळत नाहीत, याला तांत्रिक कारण म्हणू नका. पण काकांच्या 'कुणी चाचणी घेत नाही' या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण मीही कधी घेतलेली नाही. एक नेटबुक मी शाळेत न देता घरी ठेवतो. दर आठवड्याची आरसी (कर्नलची चाचणी आवृत्ती) त्यावर बूट करून लॉग कुठे पाठवायचा तेवढं सांगा. कंपाइल डेस्कटॉपवर करीन, ॲटमवर केलं तर पुढची आरसी येईल.

---

सौ. सेगफॉल्ट

करा तुम्ही. तरी मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाहीच. घरातला नळ दुरुस्त करणाराही शेवटी तुमच्यासारखा गॅलरीत बसलेला हौशी माणूसच निघाला, एवढं मात्र कळलं.

---

कर्नलकाका

पानशेतवाले, आरसी रविवारी निघते, आपल्याकडे बहुधा सोमवारची सकाळ उजाडते. बूट झालं तर पाठवायची गरज नाही, फुटलं तर आधीची कोणती चालत होती ते आधी नोंदवा, नाहीतर बायसेक्ट करताना, म्हणजे कोणत्या बदलानं फुटलं ते शोधताना, रात्र जाईल. वायफायचं कार्ड एथ५के या ड्रायव्हरवर चालणारं आहे का तेवढं बघा. असेल तर शनिवारी येतो, मला त्या ड्रायव्हरमधली एक गोष्ट पडताळायची आहे आणि माझ्याकडचं कार्ड गेलं. चार्जर शोधून ठेवा, अकरांत मिळून तीनच आहेत असं मागे म्हणाला होतात.