वर्गातल्या प्रकल्पांसाठी स्लाइड्स : मुलांकडून नीट कशा करून घ्याव्यात?

आठवी_विज्ञान

यंदा विज्ञान प्रकल्पांसाठी भिंतीवरच्या तक्त्यांऐवजी स्लाइड्स करून घ्यायच्या आहेत. ४० मुलं, चार-चारांचे १० गट, सादरीकरणाला ४५ मिनिटांच्या दोन तासिका. शाळेच्या संगणकांवर पॉवरपॉइंट आहे, काहींच्या घरी लिबरऑफिस, बाकीची मुलं फोनवर गुगल स्लाइड्स वापरतात. अडचणी तीन. मुलं इंटरनेटवरचा मजकूर जसाच्या तसा चिकटवतात आणि पडद्याकडे तोंड करून वाचून दाखवतात. घरून आणलेली फाइल शाळेत उघडली की मराठी अक्षरं बिघडतात. आणि गटातला एकच जण सगळं काम करतो. सुरुवात कुठून करू?

---

कागद_आधी

आधी मजकूर चिकटवण्याबद्दल. पॉवरपॉइंट उघडलं की समोर शीर्षकाची आणि मुद्द्यांची रिकामी चौकट येते. सांगायचं काय हे ठरलेलं नसेल तर ती चौकट भरायला मुलं कुठून तरी मजकूर आणणारच. म्हणून पहिल्या दिवशी संगणक बंद. ए४ कागदाला तीन घड्या घातल्या की आठ चौकटी होतात, एक चौकट म्हणजे एक स्लाइड. प्रत्येक चौकटीत वर एक पूर्ण वाक्य आणि खाली त्या वाक्याचा पुरावा काय, म्हणजे फोटो, आलेख की आकृती, त्याचं कच्चं चित्र. कागदावर तुमची सही झाल्याशिवाय मशीनवर बसायचं नाही.

'पूर्ण वाक्य' यावर अडून बसा. बाष्पोच्छ्वासाचा प्रकल्प घ्या. शीर्षक नुसतं 'बाष्पोच्छ्वास' असेल तर खाली पुस्तकातली व्याख्या येणार. त्याऐवजी शीर्षक असं असू द्या : 'उन्हातल्या फांदीला बांधलेल्या पिशवीत सावलीतल्यापेक्षा जास्त पाणी जमलं.' आता खाली दोन पिशव्यांचे फोटो किंवा मिलिलिटरचा स्तंभालेख द्यावाच लागतो, आणि हे वाक्य कुठून चिकटवताही येत नाही, कारण मोजमाप त्या गटाचंच आहे. दोन्ही फांद्यांना पानं किती होती, पिशव्या किती तास बांधल्या होत्या, हे प्रश्नही तिथेच निघतात. माझ्या मते खरा अभ्यास या प्रश्नांत आहे.

बोलायचे मुद्दे स्लाइडखालच्या नोट्समध्ये, तेही खुणेचे चार-पाच शब्द. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून प्रोजेक्टर 'एक्स्टेंड'वर ठेवा. मग प्रेझेंटर व्ह्यूमध्ये नोट्स फक्त बोलणाऱ्याला दिसतात. 'डुप्लिकेट'वर राहिला तर नोट्स समोर येत नाहीत आणि मूल पुन्हा पडद्याकडे वळतं.

---

युनिकोडवाला

अक्षरं दोन प्रकारे बिघडतात, आणि उपाय वेगळे आहेत.

मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसत असेल तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. फाइलमध्ये साठलेली असतात रोमन अक्षरंच, त्यांना देवनागरीचं रूप तो फॉन्ट देतो. अशा मजकुराला दुसरा फॉन्ट लावून काही होत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणूनच साठतात त्या पद्धतीत, रूपांतर करा नाहीतर पुन्हा टाइप करा.

अक्षरं बरोबर आहेत पण ओळी चौकटीबाहेर गेल्यात, तर त्या मशीनवर तो फॉन्ट नाही आणि दुसरा बसलाय. सगळ्या वर्गाला एकच फॉन्ट ठरवून द्या, उदाहरणार्थ मुक्ता. तो फुकट आहे. शाळेच्या मशीनवर आधीच टाकून ठेवा. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे गेलात की फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करायची खूण मिळते, तीही करा.

मजकुराचा आकार २८ पॉइंटच्या खाली नको, ओळींमधलं अंतर १.१ ते १.२. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडतात. लाइट वजनाचा फॉन्टही टाळा, उजेडाच्या वर्गात शिरोरेघ पडद्यावर पुसट होते.

इथे एक गफलत नेहमी होते. पॉवरपॉइंटची स्लाइड मुळात १३.३३ × ७.५ इंचांची असते, गुगल स्लाइड्सची १० × ५.६३. प्रमाण दोन्हीकडे १६:९ असलं तरी गुगलमधला २१ पॉइंटचा मजकूर पडद्यावर पॉवरपॉइंटच्या २८ इतका दिसतो. फोनवर काम करणाऱ्या गटांना २१ सांगा.

---

आठवी_विज्ञान

आठ चौकटींचा कागद या आठवड्यातच देते. पण काम वाटायचं कसं, आणि गुण?

---

गटकार्य

'प्रत्येकी दोन स्लाइड्स' अशी वाटणी करू नका. मग कोणालाच दुसऱ्याची स्लाइड कळत नाही. कामं वाटा : एकाकडे मोजमापं आणि आलेख, एकाकडे फोटो-आकृत्या आणि त्यांचे स्रोत, एकाकडे शीर्षकं आणि शुद्धलेखन, एकाकडे जोडणी आणि वेळ. कोणती स्लाइड कोण बोलणार, याची चिठ्ठी त्याच दिवशी काढा. मग चौघंही सगळं वाचून येतात.

गुगल स्लाइड्समध्ये फाइल मेनूतल्या व्हर्जन हिस्टरीत कोणी काय बदललं ते दिसतं. मात्र चौघांनी एकाच फोनवरून काम केलं तर सगळं एकाच्याच नावावर येतं, त्यामुळे गुण देताना फक्त त्यावर विसंबू नका.

वेगवेगळ्या पीपीटी जोडायच्या असतील तर स्लाइड मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइड्सच्या मूळ साच्यात, फॉन्ट आणि रंग ठरवलेली कोरी फाइल आधीच द्या. स्लाइड पेस्ट करताना 'यूज डेस्टिनेशन थीम' निवडायचं. तरीही काही स्लाइड्स जुन्याच रंगरूपात राहतात. त्यांचा मजकूर बहुधा लेआउटच्या मूळ चौकटीत नसून वेगळा टेक्स्ट बॉक्स काढून लिहिलेला असतो, आणि त्यावर स्वतंत्रपणे लावलेला फॉन्ट-रंग थीमला जुमानत नाही.

२० पैकी गुण असे द्या : पुरावा आणि स्वतःची मोजमापं ८, समजावणं आणि प्रश्नांची उत्तरं ६, शेवटच्या बाकावरून वाचता येणं ४, स्रोत २. 'गुगल' हा स्रोत धरायचा नाही, पानाचं नाव हवं. ॲनिमेशनला शून्य, आणि हे आधीच जाहीर करा.

वेळेचं गणित : ६ मिनिटं बोलणं, २ प्रश्न, १ अदलाबदल, असे १० गट म्हणजे बरोबर ९०. जराही फट उरत नाही. बोलणं ५ मिनिटांवर आणा, १० मिनिटं हाताशी राहतील.

---

पडद्यामागे

एका मिनिटात अदलाबदल तेव्हाच होते, जेव्हा सगळ्या फाइली आदल्या दिवशी त्याच मशीनवर, एकाच फोल्डरमध्ये, गट क्रमांकाने ठेवलेल्या असतात. लिबरऑफिसवरून आलेल्या फाइली तिथे उघडून बघाच आणि प्रत्येकीची पीडीएफही ठेवा. पीडीएफमध्ये व्हिडिओ चालणार नाही, पण सादरीकरण अडणार नाही.

व्हिडिओ असेल तर लिंक नको, एमपी४ फाइल स्लाइडमध्येच घाला. फोनवरच्या फोटोंनी फाइल फुगली असेल तर फोटो निवडा, पिक्चर फॉरमॅटमधल्या कॉम्प्रेस पिक्चर्सवर जा आणि १५० पीपीआय (इंचामागे पिक्सेल) घ्या. पूर्ण रुंदीच्या फोटोलाही त्यात सुमारे २,००० पिक्सेल मिळतात, प्रोजेक्टरला तेवढे पुरतात.

एक्सेलमधून पेस्ट केलेला आलेख सहसा मूळ फाइलशी जोडलेला राहतो. दुसऱ्या मशीनवर तो दिसतो, पण आकडे दुरुस्त करायला गेलात की मूळ फाइल सापडत नाही. पेस्ट करताना 'एम्बेड वर्कबुक' निवडा.

आणि मुलं बोलत असताना स्लाइड आपोआप पुढे सरकली तर माउसला दोष देऊ नका. सरावात 'रिहर्स टायमिंग्ज' वापरून शेवटी वेळा सेव्ह केल्या गेल्यात. स्लाइड शो टॅबमधली 'यूज टायमिंग्ज'ची खूण काढली की स्लाइड क्लिकवरच बदलते.