व्हीलचेअर घेऊन ड्यूक फॉरेस्टमध्ये जाता येईल का?

कॅरीची_सून:
सासूबाई नाशिकहून आल्यात, ऑक्टोबरअखेरपर्यंत आहेत. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. घरात काठीवर चालतात, बाहेर व्हीलचेअर लागते. मंदिर झालं, मॉल झाला, आता म्हणतात, "दुकानं बास, मला झाडं दाखव." ड्यूक फॉरेस्ट हे जंगल आमच्या कॅरीहून (अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना) अर्ध्या तासावर आहे. खुर्ची चालेल का तिथे? मधल्या वारी गर्दी नसेल म्हणून बुधवारी जावं म्हणते.

खारीचा_वाटा:
बुधवार नको! सप्टेंबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत हरणांची संख्या कमी करायला शिकार चालते. तेव्हा जंगलाचे डरहॅम, कॉर्स्टियन, ब्लॅकवूड हे भाग सोमवार ते शुक्रवार लोकांना बंद असतात. शनिवार-रविवार जा.

डरहॅमचे_आजोबा:
माझी बायको गेली काही वर्षं खुर्चीत आहे आणि मी ढकलणारा, तेव्हा माझं ऐका.

आधी हे समजून घ्या, की ही बाग नाही. ड्यूक विद्यापीठाच्या मालकीचं सात हजार एकरांहून मोठं जंगल आहे, 1931 पासून शिकवायला आणि संशोधनाला वापरतात. त्याआधी इथे बरीचशी शेतं होती. शेतं पडीक पडली, तिथे लॉबलॉली जातीचे पाइन उभे राहिले. झाडांना पट्ट्या, रिबिनी, नंबर लावलेले दिसतील. ते कुणाच्या तरी प्रबंधाचं काम असतं, हात लावू नका.

आतले मोठे रस्ते लाकडाच्या ट्रकसाठी केलेले, म्हणजे रुंद पण खडीचे. खडीत खुर्चीची पुढची छोटी चाकं रुततात. उपाय एकच: खुर्ची जरा मागे कलती करून मागच्या मोठ्या चाकांवर न्यायची, नाहीतर उलटी फिरवून ओढायची. विमानतळावर असते तसली चारही चाकं लहान असलेली खुर्ची अजिबात आणू नका. व्हिटफील्ड रोडवर गेट 25 आहे, तिथला काँक्रीट ब्रिज रोड थेट न्यू होप क्रीकपर्यंत उतरतो. जाताना मजा. येताना तोच चढ, आणि खुर्चीतलं माणूस "मी उतरते, तू दमलास" म्हणायला लागतं. म्हणून आम्ही वरचा सपाट तुकडा फिरतो आणि ओढा बघायचा हट्ट सोडतो. ढकलायला दोन माणसं असतील तरच खाली उतरा.

गेटवर आडवा दांडा असतो. बाजूच्या फटीतून खुर्ची जाते का, ते एकदा स्वतः बघून या, मग त्यांना न्या. आत संडास नाही, हे घरून निघण्याआधीच सांगा. गोचिडांसाठी पायमोजे वर ओढा. आणि तीन पानांची वेल (पॉयझन आयव्ही) या दिवसांत सुंदर लाल होते. सासूबाईंना पान खुडून बघायची सवय असेल, तर आधीच बजावून ठेवा.

चॅपेलहिलवासी:
आजोबांचं सगळं खरं, पण पहिल्या खेपेला इतका खटाटोप कशाला? चॅपेल हिलच्या विद्यापीठाचं नॉर्थ कॅरोलायना बोटॅनिकल गार्डन आहे, प्रवेश फुकट. मुख्य बागेतल्या वाटा खुर्चीला सोप्या, इमारतीत स्वच्छतागृह. डोंगरातली झाडं एका भागात, समुद्राकाठची दुसऱ्या. आणि व्हीनस फ्लायट्रॅप दाखवा त्यांना! ही कीटक खाणारी वनस्पती रानात फक्त विल्मिंग्टनच्या आसपास, दोन्ही कॅरोलायनांच्या किनारपट्टीत उगवते. नॉर्थ कॅरोलायनात 2014 पासून ती रानातून चोरणं गंभीर गुन्हा आहे. मात्र मागच्या पीडमाँट ट्रेलवर जाऊ नका, मुळं आणि चढउतार आहेत. सोमवारी बंद.

कॅरीची_सून:
माश्या खाणारं झाड म्हटल्यावर त्यांनी मोबाइल हातातून घेतला! तर बुधवारी बाग नक्की. रविवारी नवरा आणि दीर दोघे ढकलायला, म्हणजे गेट 25. आजोबा, मोठ्या चाकांची खुर्ची भाड्याने कुठे मिळते?

डरहॅमचे_आजोबा:
मेडिकल सप्लायच्या दुकानात आठवड्याच्या भाड्याने मिळते. घेताना ब्रेक दोन्ही बाजूंनी ओढून बघा, उतारावर त्याचंच काम पडतं. आणि खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलता येतात ना, तेही बघा. खडीत त्या घासतात.