घरात महिना तीन लाख येतात, तरी कमी पगाराची नोकरी घ्यायची हिंमत होत नाही – सल्ला हवा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. 'तीन लाखांत भागत नाही' हे वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडणार, मान्य आहे. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींसमोर हे बोलायची मलाही लाज वाटेल. पण अडचण खरी आहे, म्हणून विचारतेय.

मी ४१, नवरा ४४, दोघंही आयटीत, राहायला वाकडला. मुलगी नववीत, मुलगा चौथीत. नवऱ्याचे १,८५,००० आणि माझे १,२०,०००, असे मिळून ३,०५,००० हातात येतात. बाणेरमधल्या एका छोट्या प्रशिक्षण संस्थेत मला ६५,००० ची नोकरी मिळतेय. काम आवडीचं, रात्रीचे कॉल नाहीत, आणि वाकड-खराडी हा रोजचा वनवास सुटेल. नवरा म्हणतो, "घे की, पण भागवायचं कसं ते तूच सांग." घोडं तिथेच अडलंय.

आता हिशोब. पगार ३० तारखेला जमा होतो आणि १० तारखेपर्यंत मोबाईलवर नुसते डेबिटचे मेसेज. घराचा हप्ता ८२,००० (२०२२ मध्ये ९५ लाखांचं कर्ज, वीस वर्षांचं, २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर उतरून व्याज कमी झालं तेव्हा बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली, त्यामुळे हातात काही उरलं नाही). गाडीचा हप्ता १९,०००. म्युच्युअल फंडातली दरमहाची एसआयपी ३५,०००. दोन्ही मुलांची शाळा आणि बस वर्षाला ३,४०,०००, मुलीचा क्लास १,२०,०००, म्हणजे महिन्याला ३८,००० बाजूला काढायचेच. किराणा-दूध-भाजी २८,०००. मेन्टेनन्स आणि कामाच्या दोन बायका मिळून १७,०००. पेट्रोल १२,०००, लाइट-गॅस-नेट ७,०००, आमचे दोघांचे विमे ९,०००. सासूसासऱ्यांची औषधं वगैरे २०,०००, शिवाय त्यांच्या मेडिक्लेमचे वर्षाला ७८,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रीमियमवरचा जीएसटी गेला म्हणून खूश होते, तर नूतनीकरणाला मूळ प्रीमियमच वाढून आला!

उरतात तीसेक हजार. त्यात लग्नकार्यं, कपडे, हॉटेल, दिवाळी, गावाला जाणं-येणं. चैन म्हणावी तर एवढीच.

दुसरं जास्त बोचतं. मोठे दीर तासगावजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. सासूसासरे त्यांच्याकडेच असतात. पैसे आम्ही पाठवतो, पण रात्री-अपरात्री सांगलीच्या दवाखान्यात धावतात ते दीर आणि जाऊबाई. त्यांना हातात नव्वद हजारांच्या आसपास मिळतात. घर वडिलोपार्जित, ज्वारी शेतातली. परवा जाऊबाईंना नोकरीबद्दल बोलले तर म्हणाल्या, "अगं, तुम्हाला काय कमी आहे?" त्यांचं चुकलं नाही. पण त्या घरात कुणी महिनाअखेर बँकेचं ॲप उघडून बसत नाही, आणि आमच्याकडे ते रोज चालतं. नवऱ्याच्या कंपनीत वर्षभरात दोनदा माणसं काढली. त्याची टीम वाचली, पण चाळिशीतल्यांची नावं आधी निघतात हे सगळ्यांना दिसलं.

तर प्रश्न असे: आम्ही खरंच काठावर आहोत, की नुसतं तसं वाटतं? एवढी कपात कुणी प्रत्यक्षात केली असेल तर आधी कुठे हात घातला? "फ्लॅट विका, गावी जा" एवढं मात्र सांगू नका, मुलगी नववीत आहे.

दोन_पैसे: ताई, तुम्ही खर्च आणि बचत एकाच पिशवीत टाकलीय. एसआयपी ३५,००० ही बचत. हप्त्यातले वीसेक हजार मुद्दलात जातात, तीही एका अर्थाने बचतच. वर दोघांचा पीएफ. म्हणजे काठावर नाही, पण आलेला जवळजवळ प्रत्येक रुपया आधीच कुणाच्या तरी नावाने बांधलेला आहे. म्हणून श्वास अडकतो.
दिरांशी पगाराची तुलना करू नका. ते १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागले असतील तर त्यांना जुनी पेन्शन आहे, शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी आणि वर महागाई भत्ता. आपल्या ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, पेन्शन १५,००० च्या पगारमर्यादेवर मोजतात, पस्तीस वर्षं भरली तरी महिना साडेसात हजारांच्या आसपास. दिरांसारखी महिना पन्नास हजारांची, महागाईबरोबर वाढणारी सोय स्वतः करायची तर साठवलेल्या रकमेतून वर्षाला चार टक्के काढायचे धरून दीड कोटी लागतात. हे दीड कोटी त्यांच्या पगारपत्रकावर दिसत नाहीत, पण त्यांच्या झोपेत दिसतात.

टेकडीवरचा: तीन लाखांत रडगाणं! असो. गाडीचा हप्ता कधी संपतो ते सांगा, मग बोलू.

दोन_पैसे: हो, ते महत्त्वाचं. आणि ५५,००० चा फरकही पूर्ण ५५ चा नाही. खराडीचं पेट्रोल वाचेल, बाहेरचं खाणं कमी होईल. नवी नोकरी लांबवता येत असेल तर तीन महिने तुमच्या पगारातले ५५,००० पहिल्या तारखेलाच वेगळ्या खात्यात टाका आणि उरलेल्यात घर चालवून पाहा. कुठे टोचतं ते कागदापेक्षा लवकर कळेल, आणि दीड लाखाच्या वर गंगाजळीही होईल. नवऱ्याच्या नोकरीची धास्ती आहे ना? मग सहा महिन्यांचे हप्ते आणि फी भरता येईल एवढी रक्कम आधी, एसआयपी नंतर.

धागाकर्ती: धन्यवाद. दिरांची नोकरी १९९९ ची, त्यामुळे पेन्शनचं बरोबर आहे. नवऱ्याला तो परिच्छेद वाचून दाखवला, तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे दादा माझ्यापेक्षा श्रीमंत आहे."
@टेकडीवरचा, गाडी पुढच्या डिसेंबरमध्ये फिटते. संस्थेला विचारलं, ते जूनपर्यंत थांबायला तयार आहेत. तोवर ५५,००० वेगळे काढून बघतो. एसआयपी ३५ वरून १५ वर आणायची, यावर घरात अजून वाद चालू आहे.
एक अजून: सासूसासऱ्यांची पॉलिसी लहान करून वर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारा जोडविमा) घ्यावा का? दोघांनाही बीपी, सासऱ्यांना शुगर. टॉप-अपमध्ये जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड (ज्या काळात त्यांचा खर्च मिळत नाही) नव्याने सुरू होतो असं एजंट सांगतोय. सत्तरीपुढच्यांसाठी कुणी घेतला असेल तर कृपया लिहा.