जुनी बॉक्स्टर घेतलीये, पावसाच्या आधी काय काय करून घेऊ?

परळचा_अभि
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचत असतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. २०१३ची पोर्शे बॉक्स्टर घेतली, ९८१ या पिढीतली, २.७ लिटर, पीडीके म्हणजे पोर्शेचा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, मीटरवर २७ हजार किमी. बंगळुरूची गाडी, केए म्हणजे कर्नाटक पासिंग, मी तिसरा मालक. पैसे देऊन झालेत आणि गाडी सोसायटीच्या पोडियमवर कव्हर घालून उभी आहे, त्यामुळे 'घेऊ नकोस' हा सल्ला देऊ नका प्लीज, तो घरून मिळालाय आणि अजून मिळतोय.

रोजच्याला बलेनो आहे, ही फक्त रविवारची. अडचण अशी की सर्व्हिस बुक २०१९ पर्यंत व्यवस्थित भरलंय आणि पुढे एक बिल नाही, आधीचा मालक म्हणतो गाडी चाललीच नाही तर सर्व्हिस कशाला करू. त्यात आमच्या काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आयएमएस बेअरिंग नावाचा व्हिडिओ पाठवलाय, त्यात अख्ख्या इंजिनाचा भुगा झालेला दाखवलाय, तो बघून झोप उडाली. आणि खरं सांगायचं तर सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की मागून निळसर धूर येतो, मग थोड्या वेळात बंद होतो. हे तेच का?

हातात थोडे पैसे उरलेत, त्यातून एक्झॉस्ट आणि २० इंची व्हील्स करायचा विचार होता. पाऊस तोंडावर आलाय. आधी काय करू?

टर्बो_तात्या
अभि, अभिनंदन रे! आधी काकांचा व्हिडिओ डिलीट कर. आयएमएस म्हणजे इंजिनातली एक मधली शाफ्ट, तिच्या बेअरिंगची भानगड ९८६ आणि पहिल्या ९८७ या जुन्या पिढ्यांची, म्हणजे साधारण २००८ पर्यंतच्या गाड्यांची. २००९ला बॉक्स्टर आणि तिची बंद छपराची बहीण केमन यांना नवीन इंजिन आलं त्यात ती शाफ्टच नाही, आणि तुझ्या ९८१मध्ये त्याच घराण्यातलं इंजिन आहे. जी वस्तू गाडीत नाही ती तुटणार कशी.

धुराचंही सांगतो. हे बॉक्सर इंजिन आहे, सहा सिलिंडर आडवे झोपलेत, तीन इकडे तीन तिकडे. गाडी दोनचार दिवस उभी राहिली की थोडं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं आणि स्टार्ट केल्यावर जळतं. अधूनमधून होतं आणि लगेच थांबतं, तर सोडून दे. गरम इंजिनावर सिग्नलला उभा असताना धूर दिसला किंवा थांबायचं नावच घेत नसेल तर मग ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या वाफेतलं ऑइल वेगळं करणारा भाग) तपासायला सांग. आणि हो, त्याआधी ऑइल जास्त भरलंय का ते बघ. या गाडीला डिपस्टिक नाही, सपाट जागेवर इंजिन गरम असताना स्क्रीनवर लेव्हल बघायची. आपल्याकडचे मेकॅनिक एक रेघ कमी दिसली की अख्खा लिटर ओततात आणि मग धूर येतो म्हणून गिऱ्हाईक रडत येतं.

आता मुद्द्याचं. 'चालली नाही तर सर्व्हिस कशाला' हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकशील त्याच्या गाडीची सगळी ऑइलं त्याच दिवशी बदलायची असं समज. चालून चालून या गाड्या मरत नाहीत, उभ्या राहून मरतात. इंजिन ऑइल किमी कितीही होवोत, वर्षाला एकदा. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी, ते हवेतली ओल पितं आणि मुंबईत हवेत ओलच जास्त, मग घाटात दोनचार वेळा जोरात दाबलं की पेडल मऊ पडतं. स्पार्क प्लग चार वर्षांनी, त्याच वेळी कॉइल्सना तडे गेलेत का बघायला सांग कारण हात तिथे जातोच. पीडीकेचं क्लच फ्लुइड आणि बाहेरचा बेल्ट यांनाही वर्षांची मुदत असते, २०१९ पासून धरलंस तर दोन्ही करूनच घे.

टायरचं वेगळं सांगतो कारण सगळे खाच बघतात आणि वय बघत नाहीत. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, २३१६ असेल तर २०१६च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. २७ हजार किमीवाल्या गाडीला पहिलेच टायर असू शकतात, दिसायला कोरे आणि आतून दगड झालेले, कोरड्यात कळत नाही पण पहिल्या पावसात सी लिंकवर कळतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो. २० इंची व्हील्सचे पैसे इथे घाल. १८ इंची असतील तर पुढे २३५/४५, मागे २६५/४५, आणि पोर्शेने पास केलेल्या टायरवर एन० किंवा एन१ असा शिक्का असतो तो बघून घे. परळच्या खड्ड्यात २० इंची व्हील म्हणजे पापडाची चाकं.

आणि एक, मीटरवर विश्वास ठेवू नकोस. पोर्शेचा स्कॅनर असलेल्या गॅरेजला घेऊन जा आणि इंजिन कॉम्प्युटरमधले चालू तास काढून घे. किमीला तासांनी भाग. शहरातल्या गाडीचा सरासरी वीस-पंचवीसचा वेग आला तर ठीक. २७ हजार किमीला अडीच हजार तास निघाले तर सरासरी अकरा येते, मग कोणीतरी मीटर मागे फिरवलंय नाहीतर गाडी तासनतास उभ्याउभ्या चालू ठेवलीये, दोन्हीत गोड काही नाही.

चाळीतला_शूमाकर
सीएनजी किट बसेल का यात? मागेपुढे दोन डिक्या आहेत म्हणून विचारलं 😄

माहीमची_मीनल
शूमाकर, तू गप्प बस 😂

अभि, माझी गाडी दुसऱ्या कंपनीची पण सॉफ्ट टॉप म्हणजे कापडी छपराचीच आहे आणि घर समुद्राला लागून, त्यामुळे इंजिनाचं तात्यांवर सोडते आणि पाण्याचं मी सांगते. छपराच्या दोन्ही बाजूंना मागे पाणी वाहून जायच्या नळ्या असतात. छप्पर अर्ध्यात थांबवलंस की कोपऱ्यात तोंडं दिसतील. बंगळुरूची गाडी झाडाखाली उभी असेल तर तिथे पानांचा चिखल असणार शंभर टक्के. नळी तुंबली की पाणी आतल्या बाजूने कार्पेटखाली जातं आणि सीटच्या आसपास जे इलेक्ट्रॉनिक्स आहे ते भिजतं, मग विनाकारण अलार्म, बॅटरी उतरणे, लाइट्सचा वेडेपणा, आणि बिल असं येतं की माणूस गाडी विकायला काढतो. नायलॉनची जाड दोरी घालून हलक्या हाताने साफ कर, मग तांब्याभर पाणी हळू ओत आणि खाली रस्त्यावर येतंय का बघ. कम्प्रेसरची हवा अजिबात मारू देऊ नकोस, नळी आत निसटते. आजच दोन्ही सीटखाली हात घालून कार्पेट दाबून बघ, ओलसर लागलं किंवा कुबट वास आला तर बाकी सगळं सोडून ते आधी.

कव्हर. प्लास्टिकसारखं चकचकीत वॉटरप्रूफ कव्हर असेल तर काढून टाक. पोडियमला वर स्लॅब असेल तर पाऊस लागतच नाही, लागतो तो दमटपणा, आणि तो कव्हरखाली कोंडला की कापडी छपरावर बुरशी धरते. श्वास घेणारं कापडी कव्हर घे, ओल्या गाडीवर घालू नको आणि ओलं छप्पर दुमडून ठेवू नको. कबुतरांचं आलंच! विष्ठा पडली तर नखाने खरवडू नकोस, आधी भिजवायची.

दुसरी जागा पुढचे बंपर. तुझं इंजिन मध्ये आहे पण रेडिएटर पुढे दोन कोपऱ्यांत, आणि त्यांच्या पुढ्यात एसीचे कंडेन्सर. तिथे पानं, पिशव्या, गुटख्याची पाकिटं सगळं जाऊन बसतं. ओला कचरा तसाच राहिला की खारी हवा आणि तो मिळून कंडेन्सरला भोक पाडतात, मग भर मे महिन्यात एसी बंद. टॉर्च मारून बघ, सर्व्हिसला बंपर काढून साफ करायला सांग.

परळचा_अभि
तात्या, मीनलताई, मनापासून थँक्स. मघाशीच खाली जाऊन आलो, टायर पुढचे २०१८चे आणि मागचे २०२१चे, म्हणजे एक्झॉस्ट गेलं तेल लावत. कार्पेट कोरडं आहे. डाव्या नळीतून पाणी नीट उतरतंय, उजवीतून थेंब थेंब, शनिवारी दोरी घालतो. केए पासिंगचं कोणाला माहीतीये का? एजंट म्हणतोय 'चालवा हो, कोण विचारतं'.

फॉर्म_तीस
एजंटला विचार, पकडल्यावर तो येणार का सोडवायला.

नीट सांगतो. दुसऱ्या राज्यातली गाडी कायद्याने इथे बारा महिन्यांपर्यंत तिथल्या नंबरवर चालते, कायमची इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावाच लागतो. पण तुझ्या नावावर ती अजून आहे का हा पहिला प्रश्न. बंगळुरूच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत) म्हणजे फॉर्म २८, मग मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, आधी लोन असेल तर बँकेचं पत्र आणि लोनची नोंद काढायचा फॉर्म ३५, पीयूसी, इन्शुरन्स, आणि एवढ्या जुन्या गाडीला नवीन एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. गाडी तुझी एमएच-०१ म्हणजे ताडदेवला जाईल. इथला रोड टॅक्स गाडीचं वय धरून भरावा लागेल आणि तो भरल्याच्या पावतीवर कर्नाटकात उरलेल्या वर्षांचा टॅक्स परत मागता येतो, मागायला फेऱ्या लागतात पण रक्कम अशा गाडीत सोडण्यासारखी नसते. आणि २०१३ची गाडी म्हणजे २०२८ला पंधरा वर्षं भरतात, तेव्हा फिटनेस आणि ग्रीन टॅक्स आहेच, डोक्यात ठेव.

इन्शुरन्स चौदा दिवसांत नावावर करून घे. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो, फरक भरावा लागेल. आणि मुंबईत राहून इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने इंजिन बिघडलं तर मिळणारं जादा कव्हर) नसेल तर झोपू नकोस. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये पुरात बुडालेली गाडी कव्हर होते, पण पाण्यात बंद पडलेली गाडी तू परत स्टार्ट केलीस आणि इंजिन लॉक झालं तर साधारणपणे हात वर करतात. किती जुन्या गाडीला हे अ‍ॅड-ऑन मिळतं ते कंपनीगणिक वेगळं, दोनतीन ठिकाणी फोन फिरव.

टर्बो_तात्या
फॉर्म_तीस बरोबर बोलला. तुझं इंजिन हवा मागच्या चाकाच्या पुढे अंगाला जे कट आहेत तिथून घेतं, म्हणजे जीपसारखं वर नाक नाही. भरतीच्या दिवशी जोराचा पाऊस असेल तर हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे इकडे फिरकायचंच नाही. पुढची बस आरामात गेली म्हणून तू जाऊ नकोस, बसची लाट तुझ्या दारात येते. जुलैमध्ये बलेनो काढ. पण बॉक्स्टर अगदीच चार महिने झाकून ठेवू नको, उघडीप मिळाली की काढ आणि ऑइल पूर्ण गरम होईपर्यंत चालव. पाच मिनिटं जागच्या जागी घरघर करून बंद करणं सगळ्यात वाईट, त्याने आत पाणी साठतं आणि बॅटरीही भरत नाही.

मीनल_चा_भाऊ_नाही
ट्रॅफिकचं कोणी बोललंच नाही. पीडीकेमध्ये दोन ओले क्लच आहेत, ऑटोमॅटिक वाटते म्हणून अ‍ॅक्सिलरेटरवर अलगद पाय ठेवून इंच इंच सरकवू नकोस, क्लच अर्धवट धरून राहतो आणि तापतो. समोर गाडीभर जागा होऊ दे मग सोड. चढावर तर ब्रेकच. आणि सोसायटीचा रॅम्प, स्पीडब्रेकर तिरके घे, एक चाक आधी. स्टॅक पार्किंगवाला 'बसेल साहेब' म्हणाला तरी पुढच्या बंपरचा खालचा ओठ जमिनीवरून मोजल्याशिवाय चढवू नकोस.

कोस्टल रोडला बोगद्यात ६०, सरळ भागात ८०, कॅमेरे जागे असतात. छप्पर ५० पर्यंतच्या वेगात चालता चालता उघडतं, नऊ सेकंद लागतात, पण पहिले काही दिवस उभ्यानेच कर, काचा-बिजागऱ्या एवढी वर्षं हलल्या नसतील.

आणि व्हील लॉकच्या बोल्टची चावी टूलकिटमध्ये आहे का बघ आत्ताच. स्टेपनी नाहीच या गाडीला, आणि ती चावी नसेल तर पंक्चरवाला चाक काढूच शकत नाही.

परळचा_अभि
चावी सापडली, मॅन्युअलच्या पाऊचमध्ये होती 🙏 स्कॅनपण झालं आज, ११५० तास, म्हणजे सरासरी साडेतेवीस. काकांना फॉरवर्ड केलं.

पण घरी आल्यावर नवीनच नाटक. रिमोट लागत नाहीये, बॅटरी पूर्ण झोपलीये, आणि बॅटरी आहे पुढच्या डिकीत, आणि पुढची डिकी उघडते करंटवर. हे कोणी डिझाइन केलंय?

टर्बो_तात्या
हा हा, आता झालास मालक. किल्लीतली धातूची चावी काढून दार उघड. आत फ्यूज बॉक्समध्ये एक पॉझिटिव्ह टर्मिनल बाहेर ओढता येतं, त्याला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा लाल धर आणि काळा दाराच्या कुलुपाच्या धातूच्या हुकाला, मग किल्लीवरचं पुढच्या डिकीचं बटन दाबून ठेव. अलार्म बोंबलेल, वॉचमनला आधी सांगून ठेव. डिकी उघडली की केबल लगेच काढ, तिथून इंजिन स्टार्ट करायचा प्रयत्न अजिबात नको, ती वायर तेवढा लोड घेत नाही. जम्पर द्यायचा तो बॅटरीवरच.

उद्या पोडियमवर चार्जिंग पॉइंट मिळतो का ते सेक्रेटरीला विचार आणि बॅटरी मेन्टेनर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) मागव. पॉइंट नाहीच म्हणाला तर दर आठवड्याला काढावी लागेल गाडी, घरी असं सांग की डॉक्टरने सांगितलंय.