मदत हवी आहे: इतिहास प्रकल्पातून नागरिकशास्त्र कितपत कळलं, हे तपासायचं कसं?

नमस्कार. नववीच्या वर्गाकडून स्त्रियांच्या मताधिकारावर संशोधन प्रकल्प करून घेते आहे. न्यूझीलंडमध्ये हा हक्क १८९३ मध्ये मिळाला, स्वित्झर्लंडमध्ये संघीय पातळीवर थेट १९७१ मध्ये. एवढा उशीर का, हे मुलांनी स्वतः शोधलं: तिथे निर्णय सार्वमताने व्हायचा आणि मतदार फक्त पुरुष! १९५९ मध्ये त्यांनी नकारच दिला होता. "म्हणजे बहुमताचा निर्णय अन्याय्यही असू शकतो?" असं एका मुलीने विचारलं. नागरिकशास्त्राचा धडा शिकवताना आम्ही इथवर कधीच पोचलो नव्हतो.

अडचण मूल्यमापनाची आहे. प्रकल्पाआधी आणि नंतर वस्तुनिष्ठ चाचणी घेतली, त्यात पाठांतरच दिसलं. मग मनोगत लिहायला सांगितलं, तर बहुतेकांनी 'मतदान हे पवित्र कर्तव्य' छापाचं लिहिलं. अमेरिकेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या 'नॅशनल हिस्टरी डे' स्पर्धेत परीक्षक मुलांशी बोलतात. ती पद्धत मला फार पटते, पण मुलं ३८, तासिका चाळीस मिनिटांची, त्याही दोनच उरल्यात आणि मी एकटी.

प्रकल्प चार-पाच जणांच्या गटात झालेत, गुण मात्र प्रत्येकाला स्वतंत्र द्यायचेत. वर्गात मोबाइल चालत नाहीत.

एकमेकांशी न जुळणारी दोन साधनं देऊन मत मांडायला लावणारा लेखी प्रश्न कोणी वापरला आहे का? आणि उत्तर तपासताना मुलाची समज आणि नुसती भाषेची सफाई यांत फरक कसा केलात?