बीएफडीमध्ये (ऑब्जेक्ट फाइल्स वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) प्रोसेसरची नवी आवृत्ती टाकायची आहे, नवीन आर्किटेक्चर करू की जुन्याखालीच माक नंबर (आर्किटेक्चरमधली आवृत्ती सांगणारा आकडा) वाढवू?

लालदिवा_३२
नमस्कार मंडळी. आमचा एफपीजीएवर (हवी तशी जोडणी करता येणारी चिप) चालणारा ३२ बिटचा छोटा प्रोसेसर आहे, त्याचा बिनयुटिल्स (असेम्बलर, लिंकर वगैरे साधनांचा संच, बीएफडी त्याचाच भाग) पोर्ट मी सांभाळतो. आता प्रोसेसरची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात गुणाकाराच्या सूचना जास्त आहेत, बाकी सगळं तेच. मी बीएफडी-इन२ डॉट एच मध्ये एनमच्या (नावांना आकडे देणारी सी भाषेतली यादी) यादीत एक नवीन आर्किटेक्चर टाकलं, सीपीयूची फाइल कॉपी करून नाव बदललं, आणि मेंटेनर मोड (आपोआप बनणाऱ्या फाइल्स परत तयार करणारा) चालू ठेवून मेक केलं तर एनममधली माझी ओळच गायब! परत टाकली, परत गायब. शेवटी ते सोडून नव्या आवृत्तीला जुन्याच आर्किटेक्चरखाली दुसरा माक नंबर दिला, तेव्हा बिल्ड झालं. पण ऑब्जडम्प -एफ (फाइलची माहिती दाखवणारी कमांड) प्रत्येक फाइलला जुनीच आवृत्ती दाखवतो, आणि जुन्या-नव्या ऑब्जेक्ट फाइल्स एकत्र लिंक केल्या तर लिंकर एका शब्दानं बोलत नाही. त्यातून तयार झालेली फाइल जुन्या बोर्डवर टाकली तर गुणाकारापाशी येऊन अडकते. दोन दिवस गेले यात. नक्की कुठे चुकतंय?

धागादोरा
गायब होण्याचं कारण सोपं आहे, बीएफडी-इन२ डॉट एच ही हाताने लिहायची फाइलच नाहीये. आर्क्युअर्स डॉट सी उघडा, वरती मोठ्या कमेंटमध्ये तो एनम लिहिलेला दिसेल. ती नुसती कमेंट नाही, तिच्यातूनच हेडर तयार होतं. तिथे ओळ टाका आणि बीएफडी फोल्डरमध्ये मेक हेडर्स चालवा. माक नंबरचे डिफाइनपण तिथेच असतात, तेही हेडरमध्ये टाकले असतील तर आधी हलवा नाहीतर तेही जातील. पुढे कधी खरंच नवीन आर्किटेक्चर करायची वेळ आली तर त्याच फाइलमध्ये खाली आर्किटेक्चरची यादी आहे तिथे नाव घाला, शिवाय कॉन्फिग डॉट बीएफडी, कॉन्फिगर डॉट एसी, टार्गेट्स डॉट सी आणि मेकफाइल डॉट एएम. यातली एखादी जागा राहिली तर साध्या बिल्डला कळतही नाही, म्हणून एकदा एनेबल-टार्गेट्स=ऑल लावून बिल्ड करून बघाच, आणि मग ऑब्जडम्प -आय मध्ये तुमचं नाव येतंय का ते पहा.

वाचकबाइट
माक नंबरवर आलात ते बरोबर केलंत, तिथून हलू नका. एक्स८६ चंच बघा, ३२ बिट आणि ६४ बिट दोन्ही बीएफडीत आय३८६ या एकाच आर्किटेक्चरखाली आहेत, फरक फक्त माकचा, एल्फमध्ये (ऑब्जेक्ट फाइलचा प्रकार) मशीन नंबर ३ आणि ६२ असे वेगळे असूनही. उलट आर्म आणि एआर्च६४ वेगळे ठेवलेत कारण सूचनांची बांधणीच वेगळी. तुमच्याकडे बाकी सगळं तेच आहे म्हणता, मग वेगळं आर्किटेक्चर केलं असतं तर जुनं आणि नवं कधी एकत्र लिंकच झालं नसतं.

आता खरा घोळ. रीडएल्फ -एच (एल्फ हेडर दाखवणारी कमांड) करून फ्लॅग्सची ओळ बघा, मला वाटतं तिथे 0x0 असेल. असेम्बलरला नवी आवृत्ती माहीत असली तरी ती फाइलमध्ये कुठे लिहिली जातेय का? लिहिताना फायनल_राइट_प्रोसेसिंग हुकमध्ये (पोर्टने स्वतः लिहायचं फंक्शन) माक बघून ई_फ्लॅग्स (हेडरमधला तोच फ्लॅग्सचा आकडा) भरायचे, वाचताना ऑब्जेक्ट_पी मध्ये ई_फ्लॅग्स बघून माक सेट करायचा. हे दोन्ही नसलं की बीएफडी सरळ द_डीफॉल्ट असलेली नोंद उचलतो, म्हणजे तुमची जुनी आवृत्ती. मिप्स प्रोसेसरवाले हेच करतात, ई_फ्लॅग्सचे वरचे चार बिट आवृत्तीसाठी ठेवलेत.

आणि कंपॅटिबल फंक्शनकडे (दोन फाइल्सच्या आवृत्त्या एकत्र चालतील का ठरवणारं) नीट लक्ष द्या, तिथे लोक डीफॉल्ट ठेवून पुढे जातात. बीएफडी_डीफॉल्ट_कंपॅटिबल फक्त आर्किटेक्चर आणि शब्दाची रुंदी जुळते का बघतं आणि ज्याचा माक नंबर मोठा तो परत देतं. म्हणजे मोठा नंबर लहानाचं सगळं चालवतो असं गृहीत धरलेलं आहे. आज तुमच्याकडे दोनच आवृत्त्या आहेत तोवर चालेल, पण उद्या गुणाकार नसलेली आणि फ्लोट असलेली तिसरी आली की हे उत्तर चुकीचं ठरेल आणि लिंकर तेव्हाही गप्पच बसेल. स्वतःचं फंक्शन आत्ताच लिहून ठेवा, दहा-पंधरा ओळींचं काम आहे.

लालदिवा_३२
फ्लॅग्स खरंच 0x0 होते सगळीकडे!! दोन्ही हुक लिहिले, ऑब्जेक्ट फाइल्स आता बरोबर दिसतात. पण लिंक झालेल्या फाइलवर अजून जुनीच आवृत्ती येते?

वाचकबाइट
मर्ज_प्रायव्हेट_बीएफडी_डेटा (लिंक करताना प्रत्येक फाइलसाठी चालणारा हुक) लिहिलंय का? कंपॅटिबल फक्त चालेल की नाही एवढंच सांगतं, आउटपुटचा माक वाढवायचं काम त्या मर्जमध्ये तुम्हीच करायचं, फ्लॅग्सही तिथेच जोडायचे.

धागादोरा
एक राहिलं, ई_मशीनचा (एल्फ हेडरमधला प्रोसेसरचा) नंबर अजून मनाने घेतलेला असेल तर पोर्ट बाहेर द्यायच्या आधी अधिकृत घेऊन टाका. अल्फा प्रोसेसरसाठी अधिकृत ४१ आहे पण वापरात 0x9026 च राहिला, तो आजही तसाच चालतो. एस३९० (आयबीएमचे मेनफ्रेम) ने २२ घेतला तरी जुना 0xA390 पर्यायी नंबर म्हणून वाचावा लागतोच.

लालदिवा_३२
मर्ज लिहिलं आणि झालं, दोघांचे मनापासून आभार. आधीच्या सगळ्या फाइल्सवर फ्लॅग 0 आहे, म्हणून 0 म्हणजे जुनी आवृत्ती असंच ठेवलं, नव्या आवृत्तीच्या ज्या फाइल्सवर चुकून 0 पडला होता तेवढ्याच परत बिल्ड केल्या. बोर्डवरच्या लोडरमध्येही ई_फ्लॅग्स तपासायची एक ओळ टाकली, आता जुना बोर्ड नवी फाइल उघडतानाच नाही म्हणतो. ई_मशीनच्या नंबरसाठी आज अर्ज लिहायला घेतोय.