बेळगावहून समुद्राच्या कडेनं तीन दिवस: वेंगुर्ला-मालवण की गोकर्ण-मुरुडेश्वर?

शहापूरची:
नमस्कार. आम्ही शाळेपासूनच्या पाच मैत्रिणी. एक धारवाडला, एक निपाणीला, बाकी बेळगावातच. कुणाच्या सासूबाईंचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची दहावी, असं करत हे जाणं पुढं पुढं ढकलत आलोय. आता संक्रांत झाली की तीन दिवस, दोन रात्री काढल्यात.

समुद्र आम्ही आजवर टूरच्या बसमधूनच बघितला. उतरा, फोटो काढा, चढा. या वेळी गाडी आमची, दोघी आलटून पालटून चालवणार, आणि वाटेल तिथं थांबायचंय. धारवाडची म्हणते गोकर्ण, तिथून पुढं मुरुडेश्वर. मला वेंगुर्ला-मालवण करावंसं वाटतंय. एकीला घाटात मळमळतं, एक शाकाहारी आहे. आंबोलीवरून उतरावं की तिलारीवरून? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

खानापूरवाला:
गोकर्ण सुंदरच आहे. महाबळेश्वराचं दर्शन, मग कुडले, ओम बीच, डोंगराच्या कडेकडेनं पायवाट. खरं तुम्हाला समुद्राच्या कडेनं गाडी चालवायची आहे ना? हुबळी-यल्लापूरवरून अरबैल घाट उतरून अंकोल्याला पोचेपर्यंत अर्धा दिवस गेलेला असतो. आणि अंकोल्याच्या पुढं राष्ट्रीय महामार्ग ६६ बऱ्याच ठिकाणी समुद्रापासून आत आहे. गंगावळी, अघनाशिनी, शरावती या नद्यांच्या पुलांवरून तेवढी खाडी दिसते. समुद्राला अगदी लागून रस्ता हवा तर मरवंतेला जावं लागतं. तिथं एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी. खरं ते उडुपी जिल्ह्यात, मुरुडेश्वरच्याही पुढं. दोन रात्रींत नुसती गाडीच चालवाल. चार रात्री मिळाल्या तर डोळे झाकून तिकडं जा, वाटेत कुमट्याजवळचा मिर्जान किल्ला सोडू नका. पावसाळ्यात मात्र नको, जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळच्या शिरूरला महामार्गावर दरड कोसळून काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

शिनोळीची लेक:
ताई, माझं माहेर शिनोळी, सासर टिळकवाडी, आणि आत्या वेंगुर्ल्यात. त्यामुळं हा रस्ता लहानपणापासून अंगवळणी पडलाय. वेंगुर्लाच करा.

तिलारीवरून नको. तो घाट फार उभा आहे, वळणं अंगावर येतात, मळमळणाऱ्या मैत्रिणीचे हाल होतील. हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड, आंबोली असं जा. पूर्वी बेळगावच्या छावणीचा माल वेंगुर्ला बंदरातून घाट चढून वर यायचा, त्यामुळं हा रस्ता बैलगाड्यांच्या काळापासून रुळलेला आहे. सावंतवाडी साधारण १०० किमी. मैत्रिणीला पुढच्या सीटवर बसवा आणि निघताना नुसता चहा-खारी द्या. पोटभर नाश्ता घाट उतरल्यावर.

आता खरं महत्त्वाचं. सावंतवाडीहून थेट वेंगुर्ल्याला जाऊ नका, कळकळीनं सांगते. मळेवाड-आजगाववरून आधी शिरोड्याला उतरा. १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ते हे शिरोडा. मिठागरं बघा, मग वेळागरच्या सुरूच्या बनात गाडी लावून वाळूत चाला. तिथून उत्तरेला निघालं की आरवली लागतं. वेतोबाच्या देवळात जा. देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्याला चामड्याचे भलेमोठे चपलांचे जोड वाहतात, नवसाला केळ्यांचा घड. मी प्रत्येक वेळी त्या चपलांपुढं उभी राहते आणि प्रत्येक वेळी मन भरून येतं. पुढं मोचेमाडची घाटी चढताना वळणावर खाली खाडी आणि समुद्र एकदम उघडा होतो. तिथं बाजूला नीट जागा बघून थांबा, वळणावर गाडी उभी करू नका. पहिली रात्र वेंगुर्ल्यात. संध्याकाळी बंदरावरच्या दीपगृहाकडं चढून जा.

दुसऱ्या दिवशी सागरी मार्गानं म्हापण, परुळे, चिपी. नकाशात अंतर एवढंसं दिसतं, तरी सबंध दिवस द्या. वायंगणीला कासवं अंडी घालायला येतात, म्हणून किनाऱ्यावर गाडी घालायची नाही, रात्री बॅटऱ्या मारायच्या नाहीत. निवतीच्या किल्ल्यावरून दोन्हीकडचे किनारे दिसतात. मग भोगवे. तिथं उभं राहिलं की कर्ली खाडीपलीकडं देवबाग समोर दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं, आणि गाडीला मात्र चिपीवरून पुलाचा वळसा. कोकणचा किनारा असाच आहे, प्रत्येक खाडी तुम्हाला आत नेते आणि मग परत समुद्रापाशी आणून सोडते. घाई केली तर या वळशांचा कंटाळा येतो. वेळ हाताशी असला की त्याच वळशांत गावं, पोफळीच्या बागा, भाताची शेतं भेटतात. किनारपट्टीचा प्रवास माझ्या लेखी हाच.

देवबागला संगमात पोहू नका. पाणी शांत दिसतं, खालून ओढ जबरदस्त असते. स्थानिक माणूस नको म्हणाला की नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर मालवणच्या धक्क्यावरून होडीनं सिंधुदुर्ग. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला, चहूकडं खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं देऊळही आत आहे. जेवून कुडाळ-सावंतवाडीवरून परत. अंधार पडायच्या आत आंबोली चढा, धुक्यात घाट चालवणं अवघड जातं.

गोवावेस:
वरच्या ताईंनी सगळं सांगितलंच आहे. ऐन वेळी बेत बदलून भाड्याची गाडी केलीत तर महाराष्ट्राचं परमिट काढलंय का ते आधी विचारा. आणि शाकाहारी मैत्रिणीची काळजी करू नका. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, घावणे, कुळथाची पिठी, सोलकढी, एवढ्यावर मी तिकडं आठवडा काढीन. फक्त खानावळीत आदल्या दिवशी फोन करा. रस्त्यावरच्या हॉटेलांत बहुतेक माशांचंच ताट असतं, आणि तिच्यापुढं नुसता वरण-भात यायला नको. मालवणचा गुळाचा खाजा घरी न्यायला घ्या.

शहापूरची:
सगळ्यांचे मनापासून आभार. शिनोळीच्या ताई, तुमचं उत्तर चौघींना वाचून दाखवलं. धारवाडची लगेच तयार झाली, गोकर्ण मोठ्या सुट्टीसाठी राखून ठेवलं. पहिली रात्र वेंगुर्ला, दुसरी तारकर्लीत ठरवली. तुमच्या आत्यांसाठी कुंदा घेऊन जाऊ का? चालत असेल तर मेसेजमधून पत्ता कळवा, पहिल्या संध्याकाळी दीपगृहाकडं जायच्या आधी देऊन येतो.

शिनोळीची लेक:
चालेल की, कळवते. चहा घेतल्याशिवाय ती तुम्हाला सोडणार नाही, तेवढा वेळ धरून चला.